कॅसेटवरून बसवलेली मास्तरकी

लग्नात बँडवाल्याला कुणी नाव विचारत नाही. 'ओ बँड' एवढ्यावर सगळ्यांचं भागतं. 'ओ बँड, बाजूला व्हा, जीप जाऊ द्या.' 'ओ बँड, ते पिक्चरमधलं नवीन आलंय ना, ते लावा.' लावा म्हणजे काय, आम्ही काय रेडिओ होतो? पण ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि वाजवायचं. खर्डा गावच्या बँडमध्ये मी आधी नुसता ट्रम्पेट वाजवला आणि नव्वदच्या दशकात त्याच बँडचा मास्तर झालो. आता दम उरला नाही म्हणून ट्रम्पेट खुंटीला लागलाय आणि हातात पेन आलंय. पेन फुंकावं लागत नाही, हे एक बरं आहे.

बाहेरच्यांना वाटतं, बँड म्हणजे दणदणाट. दणदणाट असतोच, पण त्याच्या आत गाणं असतं आणि ते गाणं क्लॅरनेटवाला म्हणत असतो. ट्रम्पेट त्याला जोर देतो, ढोल चालवतो, साईड ड्रम नाचवतो. खुळखुळेवाल्याला काही येत नाही असं लोक समजतात आणि बऱ्याचदा ते खरं असतं. तो कुणाचा तरी मेहुणा असतो. मास्तराचं काम म्हणजे शिट्टी मारून सुरुवात करायची, आणि हात वर करून मूठ मिटली की सगळ्यांनी एकदम थांबायचं. थांबणं हे वाजवण्यापेक्षा अवघड असतं, हे मला फार उशिरा कळलं.

आम्हाला कुणालाच लिहिलेले सूर वाचता येत नव्हते. नवीन गाणं आलं की जामखेडहून कॅसेट आणायची. एक ओळ ऐकायची, टेप थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा ऐकायची, वाजवून बघायची. याला आम्ही गाणं बसवणं म्हणतो. हुबेहूब बसलं पाहिजे. गायिकेने ओळीच्या मध्ये श्वास घेतला असेल तर आमचा क्लॅरनेटसुद्धा तिथेच श्वास घ्यायचा. नक्कल जितकी नेमकी तितका बँड चांगला, असं आमचं शिक्षण. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जो घोळ घातला तो याच शिक्षणातून झाला.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. शनिशिंगणापूरच्या एका दुकानदाराने नव्या घराच्या वास्तुशांतीला आम्हाला बोलावलं. एरवी आमचं वाजवणं फार झालं की घरातलं कुणीतरी म्हातारं माणूस उठून दार लावून घेतं. त्या गावात घरांना दारंच नसतात. आमचा ढोलवाला दगडूअण्णा, अंगाने ढोलाचाच थोरला भाऊ, त्या दिवशी असा काही पेटला की यजमानाची आई कानात कापूस घालून थेट आमच्यापुढे येऊन बसली. 'आता वाजवा किती वाजवायचं ते,' म्हणाली. नेवाशाच्या एका गुरुजींनी मुलाच्या लग्नात सांगितलं की, वाजवा, पण आवाज संयमित ठेवा, शेजारी दहावीची मुलं आहेत. बँड संयमित कसा वाजवायचा हे त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी आम्ही गावाबाहेर मनसोक्त वाजवलं आणि गावातून वाद्यं हातात धरून नुसते चालत गेलो. गुरुजी खूश झाले, वऱ्हाड मात्र आमच्यावर डाफरत होतं.

बँड मूळ माझ्या मामांचा, गेनू मास्तरांचा. मामांची मास्तरकी शिव्यांवर चालायची. त्यांची शिवी खाल्ल्याशिवाय ढोलावर हात पडत नाही, असं दगडूअण्णा अभिमानाने सांगायचा. पण कुणाच्या घरी आजारपण असलं की हेच मामा सगळ्यांच्या आधी डबा घेऊन हजर असायचे, त्यामुळे शिव्या सगळ्यांना गोड लागायच्या. मामांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाले, 'बबन्या, संभाळ.' काय सांभाळायचं आणि कसं, ते काही सांगितलं नाही.

माझ्या तोंडात शिवी बसत नाही. एकदा प्रयत्न करून बघितला, तर दगडूअण्णाने काळजीने विचारलं, 'मास्तर, बरं वाटत न्हाई का?' मी मुळात कमी बोलणारा. तालमीला माणसं मनाला येईल तेव्हा यायची, गप्पा मारायची, विडी ओढायची आणि जायची. मी शिट्टी फुंकली की कुत्रं तेवढं माझ्याकडे बघायचं.

त्यातच शेजारच्या तालुक्यात लखन मास्तराचा नवा बँड निघाला. त्यांच्याकडे हातगाडीवर ठेवलेला कॅसिओ, वर कर्णे, बाजूने लुकलुकणारे दिवे. लखनचा डोळा आमच्या इब्राहिमचाचांवर होता. चाचा आमचे क्लॅरनेटवाले, मामांच्या बरोबरीचे. मी वर सांगितलं की गाणं क्लॅरनेटवाला म्हणतो. तर चाचा गेले की आमच्याकडे उरणार होता तो नुसता दणदणाट. ते गेले असते तर त्यांच्यामागून बाकीचेही गेले असते. मामांनी उभा केलेला बँड माझ्या हातून मोडणार, ही भीती मला लागली होती.

अशा दिवसांत मी नवीन गाणी आणायला जामखेडला गेलो. कॅसेटवाल्याने माझं तोंड बघितलं आणि फळीच्या मागून एक जाडजूड डबा काढला. वर सुटाबुटातल्या हसऱ्या माणसाचं चित्र, आत ओळीने कॅसेटी.

'हे न्या, मास्तर,' तो म्हणाला. 'गानी न्हाईत, आख्खं पुस्तक हाय. एक जन वाचून दावतो. म्होरक्यानं मानसं कशी न्यायची, त्याचं हाय म्हनं. नगरच्या एका सायबानं मागवलं आन त्यांची बदली झाली. आयका आन आना माघारी.'

घरी येऊन टेप लावला. आधी सतार वाजली आणि मग तो आवाज आला. काय आवाज होता. बातम्या देणाऱ्यानेसुद्धा उठून उभं राहावं. पुस्तकाचा मतलब एकच होता: दुसऱ्याची नक्कल करून माणसं मागे येत नाहीत. जो जसा आहे तसा समोर उभा राहतो, आपल्याला भीती वाटते तर वाटते म्हणतो, चुकलं तर चुकलं म्हणतो, त्याच्यावर लोक भरवसा टाकतात. ऐकून मला भरून आलं. माझं दुखणं या माणसाला पुण्या-मुंबईत बसून कसं कळलं, याचं नवल वाटलं. मग मी ते पुस्तक बसवायला घेतलं.

एक वाक्य ऐकायचं, टेप थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा ऐकायचं, म्हणून बघायचं. 'नक्कल करू नका' हे वाक्य मी त्या माणसाच्याच खर्जात, त्याच्याच थांब्यांसकट असं बसवलं की दाराआडून ऐकणाऱ्याला फरक कळला नसता. यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही. शिकायची दुसरी रीत मला ठाऊकच नव्हती.

बायको वैतागली. 'ह्यो कोन बाप्या घरात सारखा बोलतोय?' तिने विचारलं. चार दिवसांनी बाप्या टेपमधून निघून माझ्या तोंडात आला. मी तिला म्हणालो, 'या प्रश्नाकडे पाहण्याचा तुझा दृष्टिकोन मला समजून घ्यायला आवडेल.' ती भाकरी थापत होती. तिने परातीतला हात न थांबवता सांगितलं की, पीठ संपलंय, हा माजा दृष्टिकोन.

तालीम आम्ही खर्ड्याच्या किल्ल्यामागे करायचो, गावात करू दिली नसती. तिथे तटाच्या सावलीला सगळे विड्या ओढत बसले होते. मी पुढे जाऊन उभा राहिलो, सतार वाजून संपेल एवढा वेळ गप्प राहिलो आणि सुरुवात केली. 'मित्रांनो, आज मी तुमच्यासमोर मास्तर म्हणून नाही, तर एक सहप्रवासी म्हणून उभा आहे.'

सगळ्यांनी विड्या विझवल्या. दगडूअण्णाने हळूच टोपी काढली आणि विचारलं, 'कोन गेलं, मास्तर?'

कुणी गेलं नाही असं सांगूनही बराच वेळ त्यांचा विश्वास बसेना. पण मी मागे हटलो नाही. रोज एक तुकडा बसवायचो आणि रोज तालमीला म्हणून दाखवायचो. प्रत्येकाला विचारलं, तुमचं स्वप्न काय? खुळखुळेवाला म्हणाला, खुळखुळे सोडून दुसरं कायबी. दगडूअण्णा म्हणाला, त्यो इचार करून सांगतो, आणि अजून सांगतोय. गंमत अशी की माणसं वेळेवर यायला लागली. माझं ऐकायला नव्हे, आज मास्तर काय बोलतोय ते बघायला. चाचा मात्र हसत नसत. ते मांडीवर क्लॅरनेट घेऊन सगळं कान देऊन ऐकायचे, कारण त्यांच्या लेखी मास्तराचा शब्द म्हणजे शब्द, मग तो मास्तर वयाने पोराएवढा का असेना.

एका कॅसेटवर होतं की, आपल्या कामाची पहिली ओळख आपल्या चेहऱ्यावर असते, म्हणून चेहरा प्रसन्न हवा, हसरा हवा. हे मला फारच आवडलं. मी तालमीत जाहीर केलं की, यापुढे वाजवताना, थांबल्यावर, चालताना, सगळ्यांनी हसतमुख दिसायचं. 'आपलं हास्य हीच आपली ओळख,' असं म्हणून मी थांबलो. चाचांनी हळूच तोंडावर हात ठेवला. ते मी बघितलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

चाचांच्या तोंडात एकही दात नव्हता. क्लॅरनेट वाजवणारे वरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकवतात. चाचांचे गेले तसे त्यांनी ओठ हिरड्यांवर दुमडून धरायची रीत लावून घेतली होती, आणि तिच्यामुळे त्यांचा सूर उलट मऊ झाला होता. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही त्यावर बोलत नव्हतं. आणि मी त्या माणसाला हसायला सांगून बसलो होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नेवाशाकडचं मोठं लग्न आलं. मुलीचे वडील भाऊसाहेब उसाचे बागायतदार. काम ठरवतानाच त्यांनी बजावलं होतं, 'नवरदेवाकडचे आपला बँड घिऊन येनार हायेत. शिवंवर सामना व्हनार. आपला बँड मागं चालला न्हाई पायजे.' त्या भागात अशी रीत होती. नवरदेवाचं वऱ्हाड गावाच्या शिवेवर येतं, मुलीकडचे वाजतगाजत सामोरे जातात, दोन्ही बँड समोरासमोर उभे राहतात आणि गाण्याला गाणं चालतं. जो बँड आधी थांबेल तो हरला. मग जिंकलेला पुढे आणि हरलेला मागे, असे दोघे गावात शिरतात. आणि मागे चालतो तो बँड नसतो, त्या घराची इज्जत असते.

शिवेवर पोचलो तर समोर लखनचा बँड, कॅसिओ, कर्णे आणि दिव्यांसकट. ऊन उतरत होतं. मी मागे वळून बघितलं आणि दचकलो. चाचा हसत होते. पांढऱ्याशुभ्र दातांची ओळ, नुकत्याच पुसून ठेवलेल्या कपबशांसारखी. मास्तरांनी सांगितलं म्हणून नगरला जाऊन कवळी करून घेतली होती. दगडूअण्णा म्हणाला, 'चाचा, लगीन तुमचं हाय का?' सगळे हसले, चाचाही हसले, आणि मी शिट्टी फुंकली.

पहिली ओळ सुरू झाली आणि क्लॅरनेट किंचाळला. चाचांनी पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. कवळी सैल होती, क्लॅरनेटच्या तोंडाशी वेताची पत्ती असते, तिच्याबरोबर तीही थरथरत होती. दात जागेवर ठेवायला त्यांनी ओठ आवळले तर सूरच बंद झाला, ओठ सोडले की चीं आवाज. समोरच्या वऱ्हाडातली पोरं तशीच चीं करून दाखवायला लागली. लखनने कॅसिओचा आवाज वाढवला. चाचांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण ते कवळी काढत नव्हते. एवढ्या बायामाणसांत तोंडातून दात कसे काढायचे, आणि मास्तरांनी तर हसायला सांगितलेलं.

मला सगळं एका क्षणात कळलं आणि लाज वाटली. त्या डब्यातलं एकही वाक्य आठवेना. मी हात वर केला आणि मूठ मिटली.

बँड थांबला. समोरून एकच आरोळी उठली, टोप्या उडाल्या. नियमाप्रमाणे आम्ही हरलो होतो. भाऊसाहेब फेट्याचा शेमला सावरत माझ्याकडे धावत आले. 'मास्तर, काय केलं हे? कुनी थांबवाया सांगितलं?'

'मी थांबवलं, भाऊसाहेब,' मी म्हणालो. 'चूक माजी हाय. बोलनी मागनं खातो, आदी जरा माज्या मानसाकडं बघू द्या.'

मग मी चाचांपाशी गेलो. 'चाचा, दात काडा.'

'लोक बघत्यात, मास्तर.'

'मला भ्या वाटतंय, चाचा. मला काय सुचंना झालंय. पन तुमच्या सुराबिगर मी गावात पाऊल टाकनार न्हाई. त्ये हसायचं बिसायचं मी टेपवरचं बोललो हुतो. ते माजं न्हवतं.'

तेवढ्यात दगडूअण्णा ढोल घेऊन चाचांसमोर येऊन उभा राहिला, लोकांकडे पाठ करून. अण्णा उभा राहिला म्हणजे निम्मं काम झालं. बाकीचेही आले, खुळखुळेवाला टाचा उंचावून उभा राहिला आणि चाचांभोवती लाल कोटांचा आडोसा झाला. मी खिशातला रुमाल पसरून धरला. चाचांनी मान खाली घालून कवळी त्यात ठेवली, मी ती गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली. त्यांनी ओठ आत दुमडले, पत्ती ओली केली आणि मला म्हणाले, 'चला.'

लखनचा बँड पुढे निघाला होता. आम्ही मागून निघालो. मी शिट्टी फुंकली नाही, चाचांनीच सुरुवात केली. पिक्चरचं गाणं नव्हतं. त्या भागातल्या बाया हळदीला म्हणतात तसल्या गाण्याची चाल होती, संथ, घोळवून म्हणायची. दगडूअण्णाने ढोलावर नुसती बोटं ठेवली. मी ट्रम्पेट खाली धरून कडेने एखादा सूर देत होतो. पुढे चाललेल्या, कलश घेतलेल्या मुलीकडच्या बाया आधी मान वळवून बघायला लागल्या, मग त्यांची चाल मंदावली, आणि एकीने शब्द धरले. एकीचं ऐकून दुसरीने धरले. बाया मागे राहिल्या म्हणून पोरं मागे राहिली, पोरांना शोधत बाप मागे आले. मारुतीच्या देवळापाशी पोचेपर्यंत सगळं वऱ्हाड आमच्याभोवती गोळा झालं होतं, नवरदेवाच्या घोडीसकट, कारण घोडीलाही तो कॅसिओ आवडलेला नसावा. पुढे लखनचा बँड लुकलुकत एकटाच चालला होता. भाऊसाहेब माझ्या शेजारून चालत होते आणि त्यांनी बोलणी घालायचा विषय पुन्हा काढला नाही.

त्या पुस्तकाला मी नावं ठेवणार नाही. त्यातलं सगळं खरं होतं. फक्त ते बसवायचं नसतं, हे त्या भारदस्त माणसाने कुठल्या कॅसेटवर सांगितलं असेल तर ती ऐकायची माझी राहून गेली. पुढे मी तालमीत माझ्याच आवाजात बोलायला लागलो, म्हणजे कमीच बोलायला लागलो, आणि माणसं तरीही वेळेवर येत राहिली. आता डीजेच्या गाड्या आल्यात. त्यांना दमही लागत नाही आणि कुणी कुणासाठी थांबतही नाही, याचं मला वाईट वाटतं. पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

लग्न लागलं, अक्षता पडल्या, पंगती मांडायला लागले. आम्ही मांडवाच्या कडेला कोट काढून वारा घेत बसलो होतो. तिथे लखन आला. माणूस सरळ, आडून बोलायचा नाही. माझ्या देखतच तो चाचांसमोर बसला आणि म्हणाला, 'चाचा, पुढल्या सीझनला आमच्याकडं या. तुमी म्हनाल तसं करू. असा सूर मी कुठं ऐकला न्हाई.'

मी चाचांकडे बघायचंही टाळलं. थांबा म्हणून सांगायचा मला काय अधिकार होता? ज्याने त्यांची भर शिवेवर ही गत केली तोच तर मी होतो.

चाचांनी क्लॅरनेट पुसून पेटीत ठेवला. 'लखन, तू लई चांगला मानूस हायेस,' ते म्हणाले. 'पन तुज्याकडं यायचं म्हनजे दात लावून यावं लागंल रे. हितं न्हाई लागत.'

लखन हसला, चाचांच्या पायाला हात लावून उठला आणि गेला. मला काहीतरी बोलायचं होतं. चाचांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि हात पुढे केला.

'मास्तर, आता दात द्या,' ते म्हणाले. 'पंगत बसली.'